फ्लेअर–स्टीमबोट : १९८९ च्या तीन लढतींचे परीक्षण लिहिताना

अमेरिकेच्या व्यावसायिक कुस्तीतले मल्ल रिक फ्लेअर आणि रिकी स्टीमबोट यांच्यात १९८९ साली जागतिक अजिंक्यपदासाठी ज्या तीन मोठ्या लढती झाल्या, त्यांचे परीक्षण लिहायचे मी ठरवले, तेव्हा दोन रविवारांत काम उरकेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात सात आठवडे लागले, आणि त्यांपैकी पहिल्या तीन आठवड्यांत जे लिहिले त्यातले जवळजवळ काहीच शेवटच्या मजकुरात राहिले नाही.

पहिली लढत २० फेब्रुवारीला शिकागोत झाली. स्टीमबोटने ती जिंकून फ्लेअरकडून एनडब्ल्यूए (नॅशनल रेसलिंग अलायन्स) या कुस्तीसंघटनेचा जागतिक अजिंक्यपदाचा पट्टा घेतला. दुसरी २ एप्रिलला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये, तीनपैकी दोन फॉल (म्हणजे खांदे तीन मोजेपर्यंत खाली दाबून किंवा शरणागती घेऊन मिळवलेल्या फेऱ्या) जिंकणारा विजयी या अटीवर झाली आणि स्टीमबोटने पट्टा राखला. तिसरी ७ मे रोजी नॅशव्हिलमध्ये झाली आणि पट्टा पुन्हा फ्लेअरच्या कमरेला गेला. टेड टर्नर यांच्या कंपनीने जिम क्रॉकेट यांचा कुस्तीचा व्यवसाय आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात विकत घेतला होता आणि नव्या व्यवस्थेला लोकांसमोर ठेवण्यासारखे काही भक्कम हवे होते. दोघेही मिनेसोटातील व्हर्न गॅन्ये यांच्या तालमीत तयार झालेले होते आणि कॅरोलायना भागात १९७७ पासून एकमेकांशी लढत आले होते. एकमेकांच्या अंगाची, श्वासाची आणि सवयींची एवढी जुनी ओळख असलेली जोडी त्या काळात क्वचितच असेल. अमेरिकी कुस्तीसमीक्षक डेव मेल्ट्झर यांनी तिन्ही लढतींना पाच तारे दिलेले आहेत. त्यामुळे या लढती उत्तम आहेत एवढेच म्हणून माझे भागणार नव्हते. त्या उत्तम कशामुळे झाल्या, ते मला शोधायचे होते.

माझी अडचण मात्र मुळातच होती. मी कोल्हापूरचा. लहानपणी वडिलांचे बोट धरून खासबाग मैदानात कुस्त्या पाहिल्या. तिथे पाठ मातीला लागली की निकाल लागला, आणि तो निकाल आधी कुणाला ठाऊक नसतो. पडद्यावरची अमेरिकी कुस्ती माझ्या पिढीला केबलमुळे आणि शाळेच्या दप्तरात लपवलेल्या ट्रम्प कार्डांमुळे भेटली. त्या कार्डांवर पैलवानाचे वजन, छाती आणि दंड यांचे आकडे असत, आणि मोठा आकडा असलेले कार्ड जिंके. जिथे निकाल आधीच ठरलेला असतो, तिथे चांगले आणि वाईट कोणत्या मापाने मोजायचे, याचे उत्तर मला ना मातीने दिले होते, ना कार्डांनी. पहिल्या तीन आठवड्यांत मी ज्या चुका केल्या त्या सगळ्या या एका न सुटलेल्या प्रश्नातून झाल्या.

पहिला मसुदा असा होता : फ्लेअर छातीवर चॉप मारतो, स्टीमबोट उलट चॉप मारतो, मग हेडलॉक, मग आर्म ड्रॅग, मग दोरांवरून परत येऊन ड्रॉप किक. सहा पाने भरली. थोरला भाऊ स्वतः तालमीत घुमलेला. त्याला वाचायला दिली. दोन पाने वाचून त्याने कागद खाली ठेवले आणि म्हणाला, “आरं, ह्यो पंचनामा झाला. ह्यात कुस्ती कुठं हाय?” मला वाईट वाटले, पण त्याचे म्हणणे खरे होते. कोणता डाव कधी पडला ते मी नोंदवले होते, तो डाव तिथे का पडला ते एकदाही विचारले नव्हते.

मग मी एक दोनशेपानी वही घेतली आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखले. पहिल्यात मिनिट आणि सेकंद, दुसऱ्यात डाव, तिसऱ्यात तो डाव शरीराच्या कोणत्या भागावर पडला, आणि चौथा रकाना रिकामा. त्या डावाची किंमत पुढे कधी वसूल झाली, किंवा झालीच नाही, हे मागाहून या चौथ्या रकान्यात लिहायचे. शेवटी या रकान्यानेच मला माप दिले. निकाल ठरलेला असला तरी वेदनेचा हिशेब ठरवून चोख ठेवणे अतिशय अवघड असते. पंधराव्या मिनिटाला पिळवटलेला हात विसाव्या मिनिटाला सहज वर गेला, की प्रेक्षकाचा विश्वास तिथेच तुटतो. तो विश्वास अर्धा तास किंवा जवळजवळ तासभर टिकवून धरणे हेच या कुस्तीतले खरे कसब आहे, असे मी आता मानतो.

प्रत्येक लढत मी तीनदा पाहायची असे ठरवले. पहिल्यांदा आवाज बंद करून, दुसऱ्यांदा आवाजासह, आणि तिसऱ्यांदा थांबवत थांबवत, वही भरत. आवाज बंद करणे आवश्यकच होते, कारण जिम रॉस यांचे समालोचन इतके जीव ओतून केलेले असते की आपला निर्णय कधी त्यांचा होऊन जातो ते कळत नाही. आवाजाशिवाय पाहताना स्टीमबोटच्या आर्म ड्रॅगमधली एक गोष्ट प्रथमच दिसली. समोरच्याला हाताने ओढून फेकल्यावर बहुतेक मल्ल हात सोडून उठतात. स्टीमबोट फेकतो आणि तोच हात धरून खाली बसतो. त्याचा गुडघा टेकलेला, फ्लेअरचा दंड त्याच्या काखेत, आणि मनगट दोन्ही हातांत. फेक संपते तिथेच पकड सुरू होते. आमच्या तालमीत वस्ताद पोरांना जे ओरडून सांगत, की पकड सोडून टाळ्यांकडे बघू नका, तेच हे होते.

शिकागोची लढत सुमारे तेवीस मिनिटांची आहे आणि तिच्यावर मी फार दिवस घालवले नाहीत. ती वेगवान आणि स्वच्छ आहे. शेवटी पंच टॉमी यंग धडकेत खाली पडलेले असताना फ्लेअर आपला हुकमी फिगर फोर डाव, म्हणजे समोरच्याचे पाय एकमेकांत अडकवून पिळणारी पकड, लावायला जातो, स्टीमबोट त्याला तिथेच स्मॉल पॅकेजमध्ये गुंडाळतो आणि धावत आलेला दुसरा पंच टेडी लाँग तीन मोजतो. स्मॉल पॅकेज म्हणजे एका हाताने मान आणि पायाने पाय अडकवून समोरच्याचे गाठोडे करणे. आपल्या मोळी डावाची आठवण यावी अशी ती पकड आहे. वहीत मी तिच्यापुढे केवळ “शेवट” असे लिहिले आणि पान उलटले. त्या एका शब्दाकडे मला पुढे परत यावे लागले.

न्यू ऑर्लिन्सने मात्र माझे दोन आठवडे घेतले. ही लढत साडेपंचावन्न मिनिटांची आहे, पण माझ्याकडच्या चित्रफितीत ती एक्कावन्नाव्या मिनिटालाच संपत होती. हे मला पहिल्या पाहणीत लक्षात आले नाही. पहिला फॉल फ्लेअरने जिंकला, दुसरा स्टीमबोटने डबल चिकन विंगवर, म्हणजे मागून दोन्ही हात पाठीवर अडकवून वर खेचत, शरणागती घेऊन जिंकला. तिसऱ्या फॉलमध्ये स्टीमबोट पुन्हा तीच पकड घेतो, त्याचा पाय दगा देतो, दोघेही मागे कोसळतात, दोघांचेही खांदे खाली असतात आणि तीन मोजण्याआधी स्टीमबोट एक खांदा उचलतो. मी लिहून ठेवले होते की हा शेवट नशिबाचा आहे, इतक्या मोठ्या लढतीला शोभत नाही, आणि म्हणून अर्धा तारा कापतो. चौथा रकाना भरायला बसलो तेव्हा पाय दगा देण्याचे कारणच वहीत सापडेना. आधी पायावर पुरेसे काही झालेलेच नव्हते. तेव्हा कुठे घड्याळ लावून मोजले आणि साडेचार मिनिटांची तूट समोर आली.

पूर्ण प्रत मिळवायला नऊ दिवस गेले. ती पाहिली आणि माझा आक्षेप कोसळला. जो भाग कापलेला होता, त्यातच फ्लेअर स्टीमबोटच्या पायावर सावकाश, पद्धतशीर काम करत होता. त्या भागाशिवाय शेवट अपघात वाटतो. तो भाग जोडला की कळते की स्टीमबोटने ज्या डावावर दुसरा फॉल जिंकला, तोच डाव फ्लेअरने आधीच त्याच्या पायातून काढून घेतलेला होता. हात पकडायला सज्ज आहेत, पण भार पेलायला पाय नाही. तीन मोजले जात असताना फ्लेअरचा पाय दोराखाली होता, म्हणजे मोजणी थांबायला हवी होती, आणि पंचांच्या ते नजरेस आले नाही, हा वाद त्यावर चढवलेला आहे. त्याच वादातून पुढची लढत उभी राहते. अपुऱ्या प्रतीवर मी निकाल दिला होता, याची मला आजही खंत वाटते, आणि म्हणून आता वहीचे पहिले काम लढतीची लांबी मोजणे हेच असते.

याच लढतीबद्दल माझी आणखी एक चूक झाली होती. प्रेक्षकांचा आवाज थंड आहे, असे मी मल्लांच्या खात्यावर मांडले होते. सुपरडोम हे प्रचंड बंदिस्त मैदान आहे आणि त्या दिवशी तिथे पाच हजारांच्या आसपास लोक होते. त्याच रविवारी अटलांटिक सिटीत प्रतिस्पर्धी कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम, पाचवा रेसलमेनिया, होता. इकडे हा सामना टीबीएस वाहिनीवर घरबसल्या फुकट दिसत होता. एवढ्या पोकळीत पाच हजारांचा आवाज विरून जाणारच. मैदानाचा दोष मल्लांवर घालायचा नाही, असे मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले.

नॅशव्हिलच्या लढतीत साठ मिनिटांत निकाल न लागल्यास निर्णय द्यायला लू थेझ, पॅट ओ’कॉनर आणि टेरी फंक हे तीन माजी जागतिक विजेते बसवले होते. साडेएकतीस मिनिटांत निकाल लागला, त्यामुळे त्यांच्या मताची गरज पडली नाही. आधी स्टीमबोट फ्लेअरच्या हातामागे लागतो. मग वरच्या दोरावर चढलेला असताना तोल जाऊन तो रिंगबाहेर थेट जमिनीवर पडतो आणि गुडघा दुखावतो. तिथून फ्लेअर दुसरे काही शोधतच नाही. गुडघा, पुन्हा गुडघा, मग फिगर फोर. अखेरीस स्टीमबोट फ्लेअरला उचलून आपटायला जातो, गुडघा साथ देत नाही आणि फ्लेअर त्याला स्मॉल पॅकेजमध्ये अडकवून चीत करतो.

हे लिहिताना रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी शिकागोचे पान काढले, तिथे “शेवट” हा शब्द होता. न्यू ऑर्लिन्सचे पान काढले. फ्लेअरने पहिला फॉल जिंकला तोही स्मॉल पॅकेजवरच. म्हणजे ज्या पकडीने स्टीमबोटने पट्टा घेतला, तीच पकड फ्लेअरने दुसऱ्या लढतीत त्याच्यावर चालवून पाहिली आणि तिसऱ्या लढतीत तिनेच पट्टा परत नेला. आणि न्यू ऑर्लिन्समध्ये ज्या पायाने दगा दिला तरी स्टीमबोट वाचला होता, त्या दुबळ्या आधाराने नॅशव्हिलमध्ये त्याला बुडवले. तीन वेगवेगळी परीक्षणे लिहिण्याचा माझा सगळा आराखडाच चुकीचा होता. ही तीन भागांत लढलेली एकच कुस्ती आहे. त्या रात्री मी जुने कागद बाजूला सारले आणि नव्याने, सलग, एकच लेख लिहायला घेतला.

तुलनेसाठी स्टीमबोटचीच आणखी एक लढत पाहिली : २९ मार्च १९८७, पाँटियाक सिल्व्हरडोम, रँडी सॅव्हेजविरुद्ध. ती पंधरा मिनिटांच्या आतली आहे आणि सॅव्हेज यांनी तिचा प्रत्येक डाव आधी कागदावर लिहून, पाठ करून बसवला होता. फ्लेअरची रीत याच्या उलट. मुख्य टप्पे ठरवायचे आणि बाकीचे रिंगमध्ये, एकमेकांच्या कानात बोलत, प्रेक्षकांचा कल पाहत लढायचे. सॅव्हेजबरोबरची लढत घोटीव आहे, तिच्यात एक क्षणही सैल नाही, आणि तिच्याबद्दल मला अपार आदर आहे. तरीही फ्लेअरबरोबरच्या लढतींत जे मोकळे श्वास आहेत, पकडीत पडून राहिलेली जी लांब मिनिटे आहेत, त्यांतच मल्ल विचार करताना दिसतो. मातीतल्या कुस्तीतही मला नेहमी तीच मिनिटे आवडत आली, जेव्हा दोन पैलवान मान धरून नुसते उभे असतात आणि जाणत्यांचा आखाडा गप्प होतो.

शेवटचा प्रश्न टेरी फंक यांचा होता. नॅशव्हिलची लढत संपल्यावर दोघांनी हात मिळवले. त्यानंतर परीक्षक म्हणून बसलेले फंक अभिनंदनाला आले, पट्ट्यासाठी आव्हान देऊ लागले आणि फ्लेअरने नकार देताच त्यांनी त्याला रिंगबाहेर नेऊन टेबलावर पाइलड्रायव्हर मारला, म्हणजे उलटे धरून डोक्यावर आपटले. हा प्रसंग लढतीच्या गुणांत धरायचा की नाही यावर मी दोन दिवस अडलो. शेवटी धरला नाही. स्टीमबोटशी असलेला हिशेब हस्तांदोलनाने पुरा झाला होता, आणि फंक यांचा हल्ला ही पुढच्या कुस्तीची सुरुवात होती.

क्रम लावताना मी नॅशव्हिल पहिली ठेवली, न्यू ऑर्लिन्स दुसरी आणि शिकागो तिसरी. भावाने या वेळी सगळी पाने वाचली, मग पूर्ण प्रतीतला न्यू ऑर्लिन्सचा सामना सलग पाहिला आणि क्रम चुकल्याचे सांगितले. त्याच्या मते तिसऱ्या फॉलमध्ये थकलेल्या स्टीमबोटने पुन्हा तीच पकड घेण्याचे जे धाडस केले, तसे दुसऱ्या कुठल्याही लढतीत नाही. मी क्रम बदलला नाही, पण त्याचे हे वाक्य त्याच्या परवानगीने लेखात घेतले.