आमची वाटचाल : मंडपापासून हेलिपॅडपर्यंत

दारव्हा तालुक्यात मंडप-डेकोरेशनवाले पुष्कळ. हेलिपॅड करणारे मात्र पहिले आम्हीच. हे आधीच सांगतो, कारण शेजारच्या तालुक्यातला एक जण हल्ली बॅनरवर स्वतःला पहिला म्हणवतो. हा गडी हेलिपॅडवरच्या खुणेच्या इंग्रजी ‘एच’वर कोरडी फक्की मारतो! पंख्याच्या वाऱ्यात ती फक्की इंजिनातच जाणार ना? आम्ही डिंक घालून कालवलेला चुना ब्रशनं लावतो. त्याआधी काळ्या मातीवर मुरूम, मुरमावर रोलर आणि उतरायच्या वेळेआधी टँकर. आमचा मिस्त्री तर साफ सांगतो, ‘भाऊ, पाणी नाई पडलं त मी इथं कोनाले उतरू देत नाई.’

हे शहाणपण कॅप्टनसाहेबांचं, म्हणजे हेलिकॉप्टरच्या पायलटचं. एका निवडणुकीत ते आमच्या हेलिपॅडवर उतरले आणि नेत्यांच्या हारतुऱ्यांकडे न बघता बुटाची टाच मारून जमीन तपासत बसले. पुढं विदर्भात कुठंही यायचं असलं की आमचंच नाव सांगत. इंधनाचं बॅरल आडवं ठेवायचं, दोन्ही झाकणं एका पातळीत, म्हणजे पावसाचं पाणी झाकणावर साचून आत झिरपत नाही. पंप लावण्याआधी अर्थिंगची तार. सगळं त्यांनीच हाताला लावलं.

मग आली ती कंपनी. नाव घेत नाही. नागपूरहून यवतमाळ-पुसदला सीटवर तिकीट, रोजची फेरी, असं त्यांचं म्हणणं. आम्ही शेत भाड्यानं घेतलं, कुंपण घातलं, वेटिंगचं शेड बांधलं. व्यापाऱ्यांनी आमच्या तोंडाकडे बघून आगाऊ पैसे भरले. हेलिकॉप्टर आलं फक्त फीत कापायच्या दिवशी. पुढाऱ्यांना एक चक्कर मारली आणि गेलं ते गेलंच. ट्रॅक्टर विकला, नवे पडदे विकले, पण लोकांचे पैसे आम्ही परत केले. कंपनीकडचं आमचं बिल आजही बाकी आहे.

कॅप्टनसाहेब म्हणाले, ‘अरे, अमेरिकेतही हेच झालंय.’ तिथं सरकारनं १९६५ साली हेलिकॉप्टरनं प्रवासी नेणाऱ्या कंपन्यांचं अनुदान बंद केलं. लॉस एंजेलिस एअरवेजचे १९६८ मध्ये दोन मोठे अपघात झाले, १९७०ला ती बंद पडली. न्यूयॉर्क एअरवेज पॅन ॲम या विमान कंपनीच्या इमारतीच्या गच्चीवरून माणसं न्यायची. १९७७ साली तिथं चाकाचा आधार मोडून हेलिकॉप्टर कलंडलं, पाच जण गेले. १९७९ला तीही मिटली. आपल्याकडे पवनहंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीनं १९८० च्या दशकात विलायतेहून २१ वेस्टलँड हेलिकॉप्टरं घेतली होती, त्यांचं उडणं १९९१ला बंद झालं. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या कंपन्या निदान उडाल्या तरी होत्या.

त्यानंतरची वर्षं सभा आणि लग्नं. नवरदेवाला हेलिकॉप्टरनं आणणाऱ्यांना एक सांगतो : कलेक्टर ऑफिसची परवानगी पत्रिका छापण्याआधी घ्या. कनात, पत्रावळी, फेटे जवळपास सुटे नकोत. पोरांना शेपटीकडे फिरकू देऊ नका, आत बसायचं तर पुढून, पायलटला दिसेल असं यायचं. आणि शेतावरून विजेची लाईन जात असेल तर आम्हाला बोलावूच नका. त्या फक्कीवाल्याला बोलवा, तो हो म्हणेल.