माई

गेल्या जूनमध्ये आम्ही लेकीला घेऊन सांगलीत पोचलो तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. बँकॉकहून मुंबई आणि तिथून रात्रभर गाडी. सासूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. तुकडा ओवाळायला त्यांनी हात पुढं केला आणि साडेचार वर्षांची ती पोर माझ्या पायाला घट्ट बिलगत म्हणाली, ‘‘माइ. माइ. माइ.’’

आमच्या घरात, गल्लीत, सगळ्या नात्यात सासूबाईंना माईच म्हणतात.

‘‘अगं, नाव शिकवून आणलंय की पोरीला!’’ त्यांचा आवाज भरून आला. तुकडा हातात तसाच धरून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मी काही बोलले नाही. थाई भाषेत ‘माइ’ म्हणजे ‘नाही’. आणि ही गोष्ट मी त्यांना पुढचे नऊ दिवस सांगितली नाही.

मला थाई येते, मोडकी का असेना. ह्यांच्या नोकरीमुळं आम्ही सहा वर्षं थायलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, रायोंगला होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गावभागातल्या घरातून माईंना आणि अण्णांना होडीतून बाहेर काढलं, आणि आम्ही तिकडं फोनवर ते बघत बसलो होतो. पुढच्या वर्षी सगळं आवरून परत आलो, विश्रामबागला घर घेतलं. अण्णा त्यानंतर दोन वर्षांनी गेले.

‘दत्तकच घ्यायचं, तर इथं पोरं नव्हती का?’ हा प्रश्न मला बाजारात, लग्नात, एकदा तर दवाखान्याच्या रांगेतही विचारला गेलाय. आपल्या देशात मुलाची वाट बघणारे आईबाप दत्तक देता येतील अशा मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. आणि थाई समजणारी घरं सांगलीत कितीशी असणार? ज्या मुलाची भाषा आपल्याला थोडी तरी कळते, ते आपल्याकडं यावं, एवढंच आमच्या मनात होतं.

कागदपत्रांची कथा लांबलचक आहे, ती इथं सांगत नाही. दुसऱ्या देशातलं मूल दत्तक घ्यायचं तर हेग करारामुळं दोन्ही देशांची संमती लागते, आपल्याकडून दिल्लीच्या ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाची आणि तिकडून बँकॉकच्या सरकारी खात्याची. समाजसेविका ताई घरी येऊन आमच्या पगारापासून माईंच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं लिहून घेऊन गेल्या. मूल घरी आलं तरी थाई कायद्यानं ते लगेच तुमचं होत नाही. किमान सहा महिने एकत्र राहायचं, दर दोन महिन्यांनी एक असे तीन अहवाल पाठवायचे, मग तिथलं मंडळ शेवटची मान्यता देतं आणि वकिलातीत नोंदणी होते. ते सहा महिने ‘माझी मुलगी’ असं म्हणताना माझी जीभ दर वेळी क्षणभर अडायची.

तिचं नाव आम्ही बदललं नाही. त्याचा अर्थ पाऊस. ते नाव इथं लिहीत नाही, आणि इथं येण्याआधीची तिची गोष्टही कुणाला सांगत नाही. ती तिची आहे. मोठी झाल्यावर कुणाला सांगायची ते तिचं ती ठरवेल.

‘आई’ शिकवायचं काम माझ्या मुलानं अंगावर घेतलं. तो अकरा वर्षांचा. लहानपणी फाडफाड थाई बोलायचा, पण इथं आल्यावर वर्षभरात सगळी पुसली गेली. तो तिच्यासमोर बसून म्हणायचा, ‘‘म्हण, आऽऽई.’’ ती दोन्ही हातांनी तोंड झाकून घ्यायची. त्यानं पुन्हा म्हटलं की मान आणखी खाली. दोन दिवसांनी माझ्या ध्यानात आलं, थाईत ‘आय’ म्हणजे लाजणं. हा नवा दादा सारखा ‘लाजतेस, लाजतेस’ का म्हणतोय, हे तिला कळत नसणार.

मग ती मला ‘मॅ’ म्हणायला लागली. थाईतली ‘आई’. हे ऐकून माझ्या मैत्रिणींना फार बरं वाटलं. मलाही वाटलं, पण पूर्ण नाही. ती वाढली त्या बालगृहात सांभाळणाऱ्या सगळ्याच बायकांना मुलं मॅ म्हणतात. सकाळच्या पाळीची मॅ, रात्रीची मॅ, स्वयंपाकघरातली मॅ. पाळी संपली की मॅ घरी जाते. मी कामावर जायला चप्पल घातली की ती दारापर्यंत यायची, हात जोडून मान लववायची आणि आत निघून जायची. रडायची नाही. मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. त्या दिवसांत कितीदा तरी आकडे दोनदा मांडावे लागले. मूल आपण जाताना रडत नाही, याचं इतकं दुःख होऊ शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

पलंगावर ती एकटी झोपेना. चटईवर ओळीनं झोपायची सवय. म्हणून हॉलमध्ये पाच गाद्या घातल्या, खिडकीपासून माई, ती, मी, मुलगा, हे. तिसऱ्या दिवशी तिच्या उशीखाली मुंग्यांची रांग दिसली. उशी उचलली तर मूठभर भडंग, अर्धी चपाती आणि केळ्याचा काळा पडलेला तुकडा. समाजसेविका ताईंनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. रागवायचं नाही, काढूनही घ्यायचं नाही. मग झाकणाचा एक छोटा डबा तिच्या उशाशी ठेवला आणि तो कधी रिकामा होऊ दिला नाही. भडंग संपला की भडंग, राजगिऱ्याची वडी संपली की वडी. रात्री मधेच उठून ती झाकण उघडून बघायची, खायची नाही, पुन्हा लावून टाकायची. त्या झाकणाचा टक् आवाज मला झोपेतही कळायचा. दिवाळीच्या सुमाराला तो बंद झाला. नेमका कधी, ते सांगता येणार नाही.

भात मात्र पहिल्या दिवसापासून जमला. ती थायलंडच्या ईशान्येकडची. तिकडं चिकट भात बोटांनी दाबून, गोळा करून, कशात तरी बुडवून खातात. माईंनी आंबेमोहोराचा गुरगुट्या भात केला. तिनं तीन बोटांनी त्याचा गोळा वळला आणि आमटीत बुडवला. कैरीच्या फोडीला तिखटमीठ लावून दिलं तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला. ‘‘अरॉय,’’ ती म्हणाली. छान लागतंय.

पण बाकी सगळ्याला ‘माइ’. अंघोळीला नेलं की माइ. केसांत फणी घातली, माइ. शेजारच्या काकूंनी कडेवर घ्यायला हात पसरले, माइ, माइ. आणि ती म्हणाली रे म्हणाली की हातातलं काम टाकून, गुडघा दाबत माई हजर. ‘‘काय गं बाळा? मी हाय की हितंच.’’ मग आमच्याकडं वळून, ‘‘ऱ्हाऊ दे, नको घालूस आता अंघोळ. दमलीया पोर.’’ की लगेच फणी बाजूला, पाण्याची बादली बाजूला.

पाचव्या-सहाव्या दिवशी मला दिसलं, ‘माइ’ म्हटल्यावर ती दाराकडं बघते. म्हातारी कधी येते याची वाट बघते. ‘नाही’ म्हटल्यावर एक माणूस उठून येतं, असं तिच्या आयुष्यात याआधी किती वेळा झालं असेल?

नवव्या दिवशी आम्ही गणपतीला गेलो. संस्थानच्या देवळात आपला गणपती बघून तिनं डोळे मोठे केले आणि स्पष्ट म्हणाली, ‘‘फ्रा फिकनेत!’’ थायलंडमध्येही गणपतीला फार मानतात, हे त्याचं तिकडचं नाव. इतक्या अनोळखी चेहऱ्यांत तिला एक ओळखीचा सापडला होता. ती हात जोडून तिथंच उभी राहिली. सभामंडपात माई ओळखीच्या बायकांना सांगत होत्या, ‘‘आल्यापासनं मलाच हाक मारती बघा. दुसरं कुणी लागत न्हाई तिला.’’ ते ऐकताना मात्र मला गप्प राहणं जड गेलं.

रात्री मेथी निवडताना मी सांगून टाकलं. थाई ही सुरांची भाषा. आपल्या कानाला सारखंच वाटणारं ‘माइ’ एका सुरात नवं, दुसऱ्यात लाकूड, तिसऱ्यात रेशीम, आणि आवाज वरून खाली सोडला की नाही. ती तुम्हाला हाक मारत नव्हती, माई.

त्या बराच वेळ पानं खुडत राहिल्या. मला वाटलं, दुखावल्या. मग जुडी खाली ठेवून म्हणाल्या, ‘‘म्हंजे एवढी एवढीशी पोर दिवसभर नको नको म्हणत हुती, आणि आपण लाड समजून हसत हुतो?’’

यावर मला काही बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी येणं थांबवलं नाही. तशाच यायच्या, फक्त आल्यावर हसायच्या नाहीत. खाली बसायच्या, तिच्या तोंडाकडं बघायच्या आणि विचारायच्या, ‘‘काय नको? ह्ये नको? का ह्ये नको?’’ वस्तू एकेक करून बाजूला सरकवायच्या, ती मान हलवेपर्यंत. तिचा पहिला मराठी शब्द त्यातूनच आला. ‘नको.’ एका बालवाडीत ‘आधी मराठी येऊ दे, मग आणा’ असं सांगून आम्हाला परत पाठवलं होतं. त्या आठवड्यात तिचं मराठी एवढंच होतं, आणि माझ्या मते पुरेसं होतं. दुसऱ्या बालवाडीनं तेवढ्यावर घेतलं.

हळूहळू ‘माइ’ कमी झालं, ‘नको’ वाढलं. ऑक्टोबरपर्यंत तर ते ऐकूच येईना.

तिसरा अहवाल गेल्यानंतरची गोष्ट. थंडी पडली होती, रात्री लाइट गेली. अंधारात बाजूच्या गादीवरून आवाज आला, ‘‘माऽऽई.’’

मी जागीच होते. सवयीनं तिला थाईत विचारलं, काय नकोय? ती काही बोलली नाही. मग पुन्हा, ई लांबवून, सरळ सुरात, ‘‘माऽऽई.’’

मी सुरावर विचार करत होते तोवर खिडकीकडच्या गादीवर हालचाल झाली. माईंनी आपल्या अंगावरची वाकळ उचलून धरली होती, आणि ती उशी घेऊन तिकडं सरकत होती.