तू नेमका कोणाकडचा बे?

आमच्या गावात (देवळी तालुका, जिल्हा वर्धा) पानठेल्यावर कोणी तुमचं मत विचारत नाही, विचारतात "तू कोणाकडचा?" म्हणजे पंजा की कमळ. मधात दोन पक्षांचे चार झाले, चिन्हं बदलली, घड्याळ इकडे गेलं मशाल तिकडे पेटली, पण आमच्या पट्ट्यात गाडी फिरून फिरून या दोघांपाशीच येते. मला याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून मी बिनपेंद्याचा लोटा. हे नाव धाकट्या भावानेच ठेवलं, तो कमळाचा बूथप्रमुख आहे. सासरे, म्हणजे मामाजी, पंजाचे, ते पण असे तसे नाही, १९७७ साली सारा उत्तर हिंदुस्थान फिरला तेव्हा विदर्भाने इंदिराबाईंना सोडलं नव्हतं, त्या वेळचे.

आता २०२५ च्या पोळ्याचीच गोष्ट घ्या. पोळ्याच्या तोंडावर, १९ ऑगस्टला केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. पहिले म्हणाले सप्टेंबरपर्यंतच, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत नेलं. आमची सीतादही (वेचणीच्या आधीची पूजा) होऊन पहिला वेचा घरात येतो तो नेमका हाच काळ. मी भावाला म्हंटलं हे काही बरोबर नाही केलं तुमच्यावाल्यांनी. तो म्हणे, "दादा, अमेरिकेनं टॅरिफ लावलं, गिरण्याच बंद पडल्या त तू कापूस कोणाले इकशीन?" मुद्दा खोटा नाहीये त्याचा, मान्य. पण गिरणीला मदत द्यायची तर सरकारने तिजोरीतून द्यावी, माझ्या पराटीतून का? झालं, "तू पंजावाला झाला" असं म्हणून तो बैलांची शिंगं रंगवायला निघून गेला.

संध्याकाळी मामाजींचा फोन. खूश एकदम. "जवाई, तुम्ही पोट्ट्याले बरोबर सुनावलं म्हणे." मी म्हंटलं मामाजी, मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात कोणी बंद केली होती? तिकडे जरा शांतता, मग म्हणाले "तवाचं कारण येगळं होतं." ती बंदी थोड्याच दिवसात ढिली करावी लागली होती, पण व्यापाऱ्याला तेवढं कारण पुरतं भाव पाडायला, माझा अर्धा कापूस तेव्हा घरातच होता आणि पोरं त्याच्यावरून उड्या मारून खाजवत बसली होती. एकाने आपला माल बाहेर जाऊ दिला नाही, दुसऱ्याने बाहेरचा आत घेतला. दोघंही कास्तकाराच्याच भल्यासाठी रात्रंदिवस झटतात हे मात्र प्रत्येक सभेत ऐकायला मिळतं.

माझं हे असं होण्याला थोडे बाबा जबाबदार आहेत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला त्यांच्या सदऱ्याला कायम. "भीक नको, हवे घामाचे दाम" हे मी बाराखडीच्या आधी शिकलो असेन. जोशींचं म्हणणं सरळ होतं, सरकारने शेतमालाच्या बाजारातून पाय काढावा, निर्यातबंदी नको, झोनबंदी (एका भागातला माल दुसऱ्या भागात न्यायला बंदी) नको, तंत्रज्ञान अडवू नका. त्यांनी १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढला, तो काही चालला नाही, आणि २००४ ला ते शिवसेना-भाजप युतीच्या पाठिंब्यावर राज्यसभेत गेले. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मला आता वाटतं एवढ्या मोठ्या माणसाला कुठे बसायचं ते कळलं नाही तर आपलं काय घेऊन बसलात.

चोर बीटीचं, म्हणजे परवानगी नसलेल्या कापसाच्या बियाण्याचं पण तसंच. २०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीरला संघटनेच्या लोकांनी उघडपणे ते बियाणं लावलं, मी त्यांच्या बाजूचा. निंदायला बाई मिळत नाही तेव्हा तणनाशक सोसणारी पराटी का नको? परवानगी मात्र अजून नाही, आणि बियाणं गावोगाव मिळतं, कच्च्या पावतीवर पण नाही, नुसतं पिशवीत. फसलं तर दाद कोणाकडे मागायची.

मग २०२० चे तीन शेती कायदे. काँग्रेसने २०१९ च्या जाहीरनाम्यात स्वतःच लिहिलं होतं की बाजार समिती कायदा रद्द करू. वर्षभरात भाजपने जवळपास तेच आणलं तर काँग्रेस रस्त्यावर. मला बाजार मोकळा होणं पटलं होतं, पण कोरोनात, वटहुकूम काढून, कोणाला न विचारता आणणं नाही पटलं. असं बोललो की दोन्हीकडचे लोक फक्त आपल्याला लागणारं अर्ध वाक्य ऐकतात.

आणि म्हणून मी पूर्ण बाजारवाला आहे का, तर ते पण नाही. लेक एसटीने ज्युनिअर कॉलेजला जाते फुकट पासवर, बायको अर्ध्या तिकिटात माहेरी जाऊन येते, त्यात मला काडीचं वावगं वाटत नाही, एसटी तोट्यात का होईना चालली पाहिजे. आईला रात्री दोन वाजता छातीत दुखलं तेव्हा जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरच नव्हता, शिपाई होता, तो बिचारा पंखा लावून देऊ का म्हणाला. मी पानठेल्यावर एकदा बोललो होतो, "सरकारनं माह्या वावरातून निघावं आन दवाखान्यात येऊन बसावं." लोक हसले, एक जण म्हणे हा कोणता पक्ष आहे बाप्पा.

देवाधर्माचं म्हणाल तर गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला मी बसतो, रामनवमीच्या शोभायात्रेत पण असतो, पण भावाच्या ग्रुपवर जे फॉरवर्ड येतात ते वाचून पोटात ढवळतं म्हणून ग्रुप सोडला. मामाजींच्या ग्रुपमधून त्यांनीच मला काढलं, दारूबंदी उठवा म्हंटलं होतं म्हणून. गांधींच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि बाटली घरपोच येते, हे सगळ्यांना माहीत. बायको मात्र बंदी पाहिजेच म्हणते, आणि तिच्यासमोर मी तो विषय काढत नाही.

नोटा पण दाबून पाहिला. २०१३ पासून आहे तो, पण सगळ्यात जास्त मतं नोटाला पडली तरी विधानसभेला निवडून त्याच्या खालचा उमेदवारच येतो. म्हणजे रुसून उपाशी झोपायचं आणि घरच्यांनी मजेत जेवायचं.

दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली. मी बायांना किलोमागे दहा सांगितले. त्यातली एक, जुनी आहे आमच्याकडे, कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "भाऊ, शेजारच्या वावरात बारा देऊन राह्यले." मी म्हंटलं अवं परवडत नाही, कापसालाच भाव नाही. ती म्हणे, "तुम्हीच त म्हणता ना, भाव बाजारात ठरू द्या."

बारा दिले.