च्या-भाकर अन् माझं ८.९ हिमोग्लोबिन

मागच्या दिवाळीनंतर जिना चढताना धाप लागायला लागली. मला वाटलं सणाचा शीण असेल, फराळ, पाहुणे, झाडझूड, निघून जाईल आपोआप. मग केस गळायले, दुपारी डोळे मिटायले, तरी पंधरा दिवस काढलेच. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. बाईचं १२ तरी पाहिजे असतं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न विचारला, "दिवसातून चहा किती वेळा अन् कशासोबत?"

मी खरं ते सांगितलं. सकाळी डबे भरून झाले की शिळी भाकरी चहात कुस्करून खायची, हाच माझा नाष्टा. लातूरला आमच्याकडं घरोघर हेच आहे, च्या-भाकर म्हणलं की लहानपण आठवतं. अकरा वाजता परत एक कप, दुपारी जेवल्याबरोबर अर्धा, चारला एक. त्या म्हणल्या, ज्वारीतलं लोह तुम्ही रोज चहात बुडवून वाया घालवताय. भाकरीतलं, डाळीतलं, पालेभाजीतलं लोह तसंही अंगाला कमीच लागतं, मटण-मासळीतलं जास्त लागतं, अन् त्यात चहातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, त्या लोहाला धरून ठेवतं म्हणून जे थोडं लागणार तेही आतड्यातून तसंच पुढं निघून जातं.

हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण मी स्वतःला चांगलं खाणारी समजत होते. बाहेरचं खात नाही, घरी ज्वारी-बाजरी, आठवड्यातून तीनदा पालेभाजी, अजून काय करायचं माणसानं?

मग मी जरा आकडे बघितले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं कोणत्या धान्यात काय किती आहे याचे तक्ते केलेत. १०० ग्रॅम ज्वारीत लोह ४ मिलिग्रॅमच्या आसपास, बाजरीत ६ च्या वर, पॉलिशच्या तांदळात १ पण नाही. अन् आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या हिशेबानं बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं, पुरुषाला १९. म्हणजे जिला जास्त पाहिजे तिच्याच ताटात शेवटी खरडून उरलेलं येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बाया ॲनिमिक, म्हणजे रक्त कमी असलेल्या, निघाल्यात, निम्म्याहून जास्त. मी काही एकटी नाही, तुमच्या घरात दोन बाया असतील तर त्यातली एक बहुतेक माझ्यासारखीच असणार.

गोळ्या मी घेतल्याच, हे आधी सांगते. ८.९ असताना नुसत्या पालेभाजीवर भागत नाही, बीट-डाळिंबावर तर नाहीच, अन् कोणी सांगितलं म्हणून गोळ्या अर्ध्यात सोडू नका. लोहाची अन् कॅल्शियमची गोळी एकदाच घ्यायची नाही हेही मला तेव्हाच कळलं, दोघींमध्ये काही तासांचं अंतर ठेवायचं. पण गोळ्या थांबल्यावर परत तिथंच यायचं नसेल तर ताट बदलायला पाहिजे होतं.

अन् ताट बदलायला मला दुकानात जावंच लागलं नाही. आमच्या आत्यांना (सासूबाईंना) विचारलं, त्या औसा तालुक्यातल्या, त्यांनी दुसऱ्याच दिवशी घोळाणा करून ताटात वाढला. मेथीची कोवळी पानं धुऊन बारीक चिरली, त्यात कांद्याची पात, हिरवी मिरची ठेचून, दाण्याचं जाडसर कूट, मीठ, वरून कच्चं तेल अन् अर्धं लिंबू, हातानं हलकं चोळलं की झालं. गॅस पेटवायचा नाही. हिवाळ्यात हरभऱ्याचे शेंडे मिळाले तर त्याचा करतात, तो तर अजून भारी लागतो, जरा आंबूस. यात किती गोष्टी एकदम साधतात बघा. व्हिटॅमिन सी अन् फॉलिक ॲसिड दोन्ही शिजवताना बरंच उडून जातं, इथं शिजवायचंच नाही. लिंबातलं सी भाकरीतल्या लोहाला अंगात घ्यायला मदत करतं, चहाच्या बरोबर उलटं. पानातलं जे बीटा-कॅरोटीन आहे, ज्याचं शरीर व्हिटॅमिन ए बनवतं, त्याला तेल लागतं, ते दाण्यात अन् वरच्या तेलात आहेच. आत्यांना यातलं एकही नाव माहीत नाही, त्या एवढंच म्हणल्या, "लिंबू पिळल्याबिगर घोळाणा कुठं असतोय का?"

आपल्या येळवसीच्या (वेळा अमावस्येच्या) जेवणाकडं पण मी आता तसंच बघायले. भज्जीत ओला हरभरा, वाटाणा, तूर, पालेभाजी, चिंच, सगळं एकात. शेजारी बाजरीचे उंडे. अन् आंबील, ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेलं. धान्यात फायटिक ॲसिड असतं, ते लोह अन् झिंक दोन्ही अडवून धरतं, आंबवलं किंवा मोड आणले की ते कमी होतं. वर्षातून एकदा शेतात बसून जे आपण खातो ते महिन्यातून चारदा घरात का खात नाही? आंबील तर रोज होऊ शकते, रात्री पीठ भिजवून ठेवायचं एवढंच काम.

छोट्या गोष्टी पण बदलल्या. भाकरीचं पीठ मी आता जाड चाळणीनं चाळते, कोंडा काढून टाकत नाही. भाजी आधी धुते मग चिरते, नाहीतर बी गटातली अन् सी व्हिटॅमिनं पाण्यासोबत मोरीत जातात. अंबाडी लोखंडी कढईत करते, आंबट भाजीत कढईचं लोह उतरतं, फक्त झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची नाहीतर काळी पडते. अन् चहा जेवणाच्या आधी-नंतर तासभर नाही. हे सगळ्यात अवघड गेलं, पहिला आठवडा डोकं दुखलं.

परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठानं अन् हैदराबादच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनं मिळून २०१८ ला 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण आणलंय, त्यात लोह अन् झिंक साध्या ज्वारीपेक्षा जास्त आहे, किलोला लोह ४५ मिलिग्रॅमच्या आसपास. ज्यांचं शेत आहे त्यांनी घरच्या खाण्यापुरतं तरी अर्धा एकर पेरून बघावं असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र भाकरी-भाजीत मिळत नाही, बी-१२. ते दूध, दही, अंडी, मटण-मासे यातच. आमचे हे माळकरी, अंडंही चालत नाही, दुधाचंही फारसं प्रेम नाही, त्यांचं बी-१२ एकदम कमी निघालं, त्यांना इंजेक्शनं घ्यावी लागली. आता वाटीभर दही ताटात ठेवलं की मुकाट खातात.

तीन महिन्यांनी माझं ११.६ आलं. जिना चढते आता, मधे थांबावं लागत नाही.

आत्यांचं रक्त मात्र आजवर एकदाही तपासलेलं नाही. ज्यांनी मला घोळाणा शिकवला त्या स्वतः अजून सकाळी च्या-भाकरच खातात, अन् सगळ्यांचं झाल्यावर जेवतात. मी विचारलं तर म्हणल्या, "माझं काय बघायलीस, माझं झालं आता." सोमवारी त्यांना घेऊन जाणार आहे, रिक्षा सांगून ठेवली आहे.