घोंगडं फोटोत आहे, मी नाही

रविवार, रात्री साडेदहा

फोटो आज दुपारी आला. राजस्थानात, जैसलमेरजवळच्या खुडीला, वाळूच्या टेकाडाच्या धारेवर सगळे ओळीनं बसलेत, पाठमोरे, समोर फटफटीत आभाळ. मोजले तर अकरा. परत मोजले, अकराच. बारावी मी, आणि मी त्या वेळी खाली तंबूत झोपलेली. ते ठाऊकच होतं, त्यात नवं काही नाही. पण डावीकडून तिसऱ्या पाठीवर माझं घोंगडं आहे. काळं, कडेला दोन पांढरे पट्टे, आज्जीनं रफू केलेला कोपरा खाली लोंबतोय. घोंगडं सूर्योदयाला गेलं आणि मी राहिले.

उठवलं का नाही?

एवढंच विचारायचं होतं. जोधपूर ते बेळगाव गाडीत बसून विचारायला वेळ थोडा का होता! पण हे वाक्य तोंडाशी आलं की आठवीतल्या पोरीचं वाटतं. सरांना विचारलं असतं तर ते हसले असते. मैत्रिणीला विचारता आलं असतं, पण तिच्याशी त्या संध्याकाळपासून... जाऊ दे.

आधी माझी बाजू लिहून टाकते. त्या रात्री दोनपर्यंत जागं कोण होतं?

इथं बेळगावजवळ जांबोटीकडं तंबू लावायचा म्हणजे दगड घ्यायचा आणि खुंटी ठोकायची. चिऱ्याची तांबडी जमीन. खुंटी वाकते, पण एकदा आत गेली की पावसालाही दाद देत नाही. कोरड्या वाळूत सगळं उलटं. खुंटी अंगठ्यानं आत जाते आणि अंगठ्यानंच बाहेर येते. वारा एकसारखा असला तर निभतं. झोत यायला लागले की दर झोताला दोर जरासा हिसकतो, खुंटीभोवतीची वाळू सुटी होते, आणि दहाव्या-पंधराव्या हिसक्याला खुंटी वर. म्हणून पिशव्या पुरायच्या. पाच किलो तांदळाच्या रिकाम्या पिशव्या, एका तंबूला आठ, चार तंबूंना बत्तीस. वाळू तांदळाच्या जवळपास दुप्पट जड, त्यामुळं पाऊण पिशवी भरली तरी सात किलो होते. दोर पिशवीच्या तोंडाला बांधायचा नाही, कमरेला बांधायचा. तोंडाला बांधला की ताणाबरोबर पिशवी उभी होते आणि मुळ्यासारखी उपटून येते. कमरेला बांधली की आडवी राहते, वरची सगळी वाळू तिच्यावर बसते. खड्डा फूटभर. खड्ड्यापासून तंबूच्या बाजूला दोरासाठी तिरका चर काढायचा. हा चर सगळे विसरतात. चर नसला की दोर खड्ड्याच्या काठावरून उभा वर जातो आणि पिशवीलाही हळूहळू वर ओढून आणतो. शेवटी वाळू लोटायची आणि पायानं चेपायची.

बत्तीसच्या बत्तीस मी पुरल्या असं नाही, सगळ्यांनी हात लावला. पण दोनच्या सुमाराला दवानं नायलॉनचे दोर सैल पडले तेव्हा बॅटरी तोंडात धरून सोळा गाठी सरकवत कोण फिरत होतं? नायलॉन ओला झाला की लांबतो. झोपण्याआधी एकदा आणि मध्यरात्री एकदा ताणायलाच लागतो. बाकीचे घोरत होते. त्यांना मी उठवलं नाही. (हे आत्ता लिहिल्यावर लक्षात आलं. असो.)

जागासुद्धा मीच भांडून बदलायला लावली. सगळ्यांना आडोशाच्या बाजूला, टेकाडाच्या पायथ्याशी तंबू हवा होता. दिसायला तीच जागा चांगली. वाऱ्याकडचा उतार लांब आणि सावकाश असतो, आडोशाकडचा एकदम उभा, तेहतीस-चौतीस अंशांचा. याहून तिरकी कोरडी वाळू उभी राहतच नाही, घसरते. धारेवरून उडालेली वाळू नेमकी या बाजूला पडते. तिथं झोपलं की सकाळी दार अर्धं गाडलेलं. दोन टेकाडांमधल्या अगदी तळातही नको, कारण थंड हवा जड, ती रात्रभर पाण्यासारखी तळात साचते. तळापासून माणसाच्या उंचीएवढं वर, जिथं सपाटी मिळेल तिथं, दार वाऱ्याकडं पाठ करून. बूट तंबूच्या आत, आणि सकाळी घालण्याआधी उपडे करून झाडायचे. फुरसं तिथंही असतं. आपल्याकडचंच, फक्त तिथं त्याला दुसरं नाव आहे. थंडीत ते फारसं फिरत नाही, पण विंचवाचा भरवसा नाही.

हे सगळं ऐकून घेतलं माझं. जागा बदलली, बूट झाडले, चर काढले. मग सकाळी तंबूच्या कापडावर एक थाप मारायला काय झालं होतं? "उठ गे" म्हणायला किती वेळ लागतो?

झोपणाऱ्याला झोपू द्यावं, ही माया असते असं आई म्हणते. असेल. मला वाटतं काही माणसं जागं असताना लागतात. पिशव्या पुरायला, दोर ताणायला, स्टोव्हच्या तोंडात गेलेली वाळू सुईनं काढायला. चांगलं काही बघायचं असलं की त्यांची आठवण येत नाही.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे. साडेदहाला माणूस असलंच लिहितो.

थंडीचं लिहायचं राहिलं. दिवसा स्वेटर अंगावर नकोसा होतो आणि रात्री पारा सातावर. कोरड्या वाळूच्या कणांत हवा अडकलेली असते, ऊन खोल उतरत नाही. वरचाच थर तापतो. रात्री आभाळ निरभ्र, हवेत ओल कमी, त्यामुळं ती ऊब अडवायला कोणी नाही, सरळ वर निघून जाते. मनगटापर्यंत हात घातला तर खाली अजून दुपार शिल्लक असते. झोपतो मात्र आपण वरच्या थरावर. म्हणून यादीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: अंथरूण दोन, पांघरूण एक. लोक पांघरुणं वाढवतात आणि तरी कुडकुडतात, कारण स्लीपिंग बॅगचा कापूस अंगाखाली दबतो, त्यात हवा उरत नाही, आणि खालची वाळू पाठ गिळत राहते. सगळ्यात खाली फोमची चटई, त्यावर घोंगडं, त्यावर स्लीपिंग बॅग. घोंगड्याची राठ लोकर दबली तरी पूर्ण चपटी होत नाही.

घोंगडं खाली.

इथं पेन थांबलं. घोंगडं माझ्या अंगाखाली होतं.

म्हणजे ते न्यायला कोणीतरी मला हलवलं असणार. तीन किलोचं घोंगडं, त्यावर स्लीपिंग बॅगसकट मी, वजन लिहीत नाही. नुसतं ओढून ते निघणार नाही. मला एका कुशीवर लोटायचं, घोंगडं पाठीपर्यंत गुंडाळत आणायचं, मग दुसऱ्या कुशीवर लोटून पलीकडून ओढायचं. दवाखान्यात पेशंटची चादर बदलतात तसं. एकीचं काम नव्हे, दोघी लागतात. एवढं होईतो मला जाग आली नाही. थाप मारली असती तर काय होणार होतं!

एकटीच हसत बसले. आतून आई म्हणाली, "काय झालं गे?" काय सांगू?

तरी एक खुटखुटतंच. उठवायला आल्या, मी हलले नाही म्हणून निदान घोंगडं नेलं? की घोंगड्यासाठीच आल्या होत्या?

यादीचा कागद काढून बघितला. माझंच अक्षर: ६.३० उठणे, ६.४५ धारेवर. जानेवारीच्या सुरुवातीला बेळगावात सूर्य सातच्या आसपास उगवतो, तो हिशेब धरलेला. खुडी आपल्यापेक्षा पावणेचार अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं, पंधरा मिनिटं तिथंच गेली. शिवाय जवळजवळ अकरा अंश उत्तरेला, हिवाळ्यात तिथला दिवस आपल्यापेक्षा आखूड, त्याची आणखी वीस मिनिटं. सूर्य साडेसातच्याही पुढं आला असणार. म्हणजे अकरा जण पाऊण तासाहून जास्त धारेवर, वाऱ्यात, माझ्या कागदावर विश्वास ठेवून बसले होते. फोटोत सूर्य का नाही तेही कळलं. सूर्य यायच्या आधीचा फोटो आहे तो. कोणीतरी कुडकुडत खाली आलं असणार, मिळेल ते पांघरूण न्यायला.

आणि हेच अकरा अंश आदल्या रात्री मी सगळ्यांना शिकवले होते! हात ताठ करून मूठ धरा, मूठ म्हणजे दहा अंश. बेळगावात ध्रुव क्षितिजापासून दीड मुठीवर दिसतो, इथं पावणेतीन मुठींवर. सगळ्यांनी मुठी धरून मोजलं. सर म्हणाले, वा. तारा मूठभर वर गेलेला दिसला, सूर्याचं काय होतं ते माझ्या डोक्यात आलं नाही.

मला कोणी बोललं नाही त्यावरून. गाडीतही नाही. हे जास्त लागलं की कमी, ठरवता येत नाहीये.

घोंगडं गॅलरीत टाकलंय. धुवायचं नसतं, लोकर आटते. दोरीवर उलटं टाकून मागच्या बाजूनं काठीनं झोडायचं, दिवसभर ऊन द्यायचं, संध्याकाळी परत झोडायचं. आठ दिवस झाले, अजून चमचाभर वाळू निघते रोज. बॅगच्या चेनीतली जुन्या टूथब्रशनं काढली आणि वर मेणबत्ती घासली. चेन अडली म्हणून ओढायची नाही, दात झिजतात. घोंगड्यातली वाळू कुंद्याच्या रिकाम्या डब्यात साठवतेय, का ते माहीत नाही.

मघाशी ग्रुपवर "मला उठवलं का नाही" असं लिहून पुसलं. मग लिहिलं, "घोंगडं कोणी नेलेलं?" त्याच मैत्रिणीचं उत्तर लगेच आलं: "तू लई जड हैस."

पुढच्या महिन्यात कणकुंबीला जायचं चाललंय. यादी मलाच करायला सांगितलीय. पहिली ओळ लिहून ठेवली: घोंगडं ज्याचं त्यानं आणावं.