पुडा खाण्याचा, दावा औषधाचा; तक्रार कोणत्या टेबलावर?

‘मधुमेह मुळासकट, इन्सुलिन बंद, साइड इफेक्ट शून्य.’ धुळे-अमळनेरकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरणाऱ्या एका चूर्णाविरुद्ध मी तक्रार केली. दावा खोटा आहे हे जाहिरातीतल्या रिपोर्टवरूनच कळत होतं: पंधरा दिवसांत एचबीए१सी ९.८ वरून ५.९! ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, कारण तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. पंधरा दिवसांत आकडा एवढा कोसळत नाही. घरातल्या आबांना किंवा नानांना समजवायचं तर एवढंच सांगा, बाकी वाद घालू नका.

डोकं फिरलं ते अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात. पुड्यावर हिरवा ठिपका, पोषणमूल्यांचा तक्ता आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक. औषधाच्या टेबलावरच्या साहेबांनी क्रमांक पाहिला आणि पुडा परत सरकवला, ‘हे अन्नवाल्यांचं.’ अन्नाच्या टेबलावर जाहिरात वाचली गेली, ‘रोग बरा करतो म्हणतोय ना? मग औषधवाल्यांकडे. भाऊ, हाई आमनं काम नही.’ परत पहिल्या टेबलावर. तिथे जेवणाची सुट्टी. पोच द्यायला दोघंही तयार नाहीत, कारण पोच दिली की कागद गळ्यात पडतो.

विकणाऱ्याला नेमकी हीच फट हवी असते. पुड्यावर रोगाचं नावसुद्धा नसतं; सगळे दावे पत्रकात आणि व्हिडिओत. तो १४ आकडी क्रमांक म्हणजे धंदा करायची परवानगी, गुण येतो याचा दाखला नव्हे. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या धंद्याची नुसती नोंदणी. चौथा-पाचवा आकडा क्रमांक दिल्याच्या वर्षाचा. फॉसकॉस या एफएसएसएआयच्या परवाना-साइटवर क्रमांक टाकून नाव-पत्ता पुड्याशी जुळतो का ते बघा.

फट बुजवायची ती अर्जातच. एकच अर्ज, दोन वेगळे परिच्छेद. पहिल्यात अन्न सुरक्षा कायदा, २००६: दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत दंड. दुसऱ्यात औषधे व जादूटोणासदृश उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा. त्याच्या अनुसूचीत मधुमेह नावानिशी आहे. आणि हे वाक्य ठळक लिहा: त्या कायद्यात औषध ठरतं ते परवान्यावरून नाही, वस्तू कशासाठी वापरायला सांगितली त्यावरून. रोग बरा करण्यासाठी म्हटलं की झालं औषध. अर्ज टेबलावर द्यायचाच नाही. आवक-जावकला द्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवा.

तरी हालचाल नाहीच. मग माहिती अधिकार. जोडपत्र ‘अ’ म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘कारवाई का केली नाही’ असं विचारलंत की ‘खुलासा मागता येत नाही’ असं उत्तर येतं. ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीच्या प्रती द्या’ असं मागा. विषय दुसऱ्या प्राधिकरणाचा असेल तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत माहितीचा अर्ज त्यांनीच तिकडे पाठवायचा असतो. आपण फिरायचं नसतं. टिपणी मागितल्यावर मात्र दोन्ही टेबलांना एकमेकांचा पत्ता सापडला! कागद औषधाकडे गेल्याचं पत्र घरी आलं, आणि खरं सांगतो, ते पत्र बघून बरं वाटलं.

आधीच सांगायला हवं होतं ते: स्क्रीनशॉट तक्रारीच्या आधी काढा, तारीख आणि लिंक दिसेल असा. कुणकुण लागली की व्हिडिओ गायब होतात. पुड्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो, बॅच नंबर आणि बिल. बिल देत नसतील तर फोनवरून पैसे द्या, नोंद राहते.

आणि चूर्णाने साखर खरंच झपाट्याने उतरली तर जास्त घाबरा. अशा चूर्णांत मेटफॉर्मिन, ग्लायबेनक्लामाइडसारखी मधुमेहाचीच औषधं न सांगता मिसळलेली सापडली आहेत. सोबत डॉक्टरची गोळीही चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो. दवाखान्यात जाताना पुडा बरोबर न्या.