येतो हं

मंगळवारी दुपारी चारची मीटिंग संपली, तेव्हा आम्ही अकरा जण पडद्यावर एकमेकांना हात हलवून निरोप देत होतो आणि प्रत्येकाची नजर मात्र खाली तो लाल चौकोन शोधत होती. चेहऱ्यावरचे हसू तसेच धरून बटण शोधण्याच्या त्या दोन-चार क्षणांत माणूस जितका ओशाळवाणा दिसतो, तितका एरवी क्वचितच दिसत असेल.

घरून काम सुरू झाले तेव्हा कार्यालयाने शिष्टाचाराचे एक टिपण धाडले होते. वेळेआधी हजर असावे, आपण बोलत नसताना माइक बंद ठेवावा, मागे वाळत घातलेले कपडे दिसू नयेत, असे बरेच काही त्यात होते. आमच्या कुकरची तिसरी शिट्टी एकदा थेट ग्राहकाच्या कानापर्यंत पोहोचली असल्यामुळे माइकच्या नियमाबद्दल माझी तरी तक्रार नाही. निघावे कसे, याविषयी मात्र त्यात एक ओळही नव्हती. साहेबांच्या आधी निघालेले चालते का, आणि शेवटी दोघेच उरले तर काय बोलावे?

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी निघणे हा स्वतंत्र कार्यक्रम असे. ‘जातो’ म्हणण्याची सोय नव्हती. कोणी चुकून म्हटलेच, तर आजी तिथल्या तिथे ‘येतो म्हणावं’ अशी दुरुस्ती करी. दोन तास चहा-पोह्यांवर जे निघाले नाही, ते मुलीचे स्थळ, उसने पैसे, कोणाचे लपवलेले दुखणे, पाहुण्याचा एक पाय चपलेत गेल्यावर उंबरठ्यावर निघे. मग पुढचे जिन्यात. पाहुणे गोखले रस्त्याकडे वळेपर्यंत आजी गॅलरीतून हलत नसे, आणि वळणावर तेही एकदा मागे पाहत.

कार्यालय ऐरोलीला होते तेव्हाही थोडेफार तसेच चाले. मीटिंग खोलीत संपे, पण तिच्यात नेमके काय ठरले ते लिफ्टपाशी समजे, आणि लोकांच्या मनात काय आहे ते ठाण्याच्या गाडीची वाट पाहताना फलाटावर.

टाळेबंदीत आम्ही नातेवाईक दर रविवारी झूमवर जमत असू. फुकटच्या खात्याला ४० मिनिटांची मर्यादा होती आणि मामांना मुद्द्यावर यायला बरोबर ३९ लागत. वाक्य मध्येच तुटे. मग सगळे हसत हसत पुन्हा जोडले जात. ‘ट्रंक कॉलला ३ मिनिटं झाली की ऑपरेटर सांगायचा तरी, निदान ठेवतो म्हणता यायचं,’ ही मामांची ठरलेली कुरकुर असे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मामांसाठीच आम्ही त्या खिडक्यांत बसलो. गीतेचा पंधरावा अध्याय वाचून झाला. मामींचा माइक चालूच राहिला होता आणि त्यांच्या खोलीतल्या पंख्याची घरघर सगळ्यांना ऐकू येत होती, पण तो बंद करा असे कोणी सांगितले नाही. लाल बटणही कोणी दाबले नाही. ४० मिनिटे झाली, तेव्हा पडदा आपला आपणच बंद झाला.